जांगड नेलेला पिराजी

१

विश्वास ठेवायचा कुणावर, सांगा बघू मास्तर? ‘परत आणून देतो’ म्हणून नेणाऱ्यावर, का ‘न्या की’ म्हणणाऱ्यावर?

बसा, बसा. तक्क्याला टेका. तुम्ही नाटकाच्या क्लासासाठी माडी मागायला आलात, आणि दोन वर्षं कुलूप घातलेली खोली हा म्हातारा का देत नाही असं तुमच्या मनात आलं असणार. नाही म्हणण्याआधी कारण सांगावं, एवढी रीत मला कळते. शाळा चौथीपर्यंतच झाली. पुढचं सगळं रद्दीतली वर्तमानपत्रं वाचून आणि गिऱ्हाइकांची तोंडं वाचून शिकलो.

आमच्या कापडधंद्यात जांगड म्हणून एक चाल आहे. ओळखीच्या घरचं माणूस येतं, चार साड्या घरी नेतं. ही विक्री नव्हे आणि दानही नव्हे. घरच्या बायका अंगाला लावून बघतात, एखादी ठेवतात, बाकीच्या परत येतात. त्याची वही वेगळी असते. तारीख, कोण, काय नेलं. माल आला की समोर ‘परत’ लिहून रेघ मारायची. सगळा खेळ भरवशाचा.

बासष्ट साली गडहिंग्लजच्या तानाबाईंनी माझ्याकडनं एक मोरपिशी साडी जांगड नेली. घरी सासू गेली, गडबडीत साडी ट्रंकेत पडली. एकोणीस महिन्यांनी बाई एस्टीनं आल्या, धोतराच्या फडक्यात बांधलेली साडी या गादीवर ठेवली आणि म्हणाल्या, “आण्णा, घडी मोडलेली न्हाई. बघून घ्या.” मी वही काढली. वहीत नोंदच नव्हती! लिहायचं माझ्याकडनं राहून गेलं होतं. माझ्या वहीत नव्हतं ते त्या बाईच्या मनात होतं.

ही गोष्ट मी शंभर जणांना सांगितली असेल. माणसं माना डोलावतात, चहा पितात, साडी घेऊन जातात. पण मी ती नेहमी अर्धीच सांगतो. उरलेली अर्धी आज तुम्हाला सांगणार आहे. आधी माझा राग ऐकून घ्या.

२

तुम्ही आत आलात तेव्हा फळीवर एक मुलगी साड्या दाखवत होती. तुम्ही म्हणालात, “पोरगी भलती तयार आहे हो, बायका हलेनात.” ती माझी लेक नंदिनी. आणि त्या कोपऱ्यात, शिडीखाली, स्टुलावर बसलेला माणूस. एकदम वळून बघू नका. तो पिराजी.

सव्वीस वर्षं पिराजी माझ्या फळीवर उभा होता. राहायला गंगावेशीतल्या एका बोळात. बायको बनाबाई, पोरबाळ नाही. त्याच्यासारखा साडी उघडणारा माणूस मी मुंबईच्या बाजारातही बघितला नाही. मनगटाचा एक झटका, साडी सर्रर्र सुटायची आणि पदर थप्प करून बरोबर गिऱ्हाइकाच्या गुडघ्याशी येऊन पडायचा. बोटभर इकडं नाही की तिकडं नाही. मग तोच पदर स्वतःच्या खांद्यावर घेऊन मिशीला पीळ देत म्हणायचा, “बघा वैनी, मला एवढी शोभतीया, तर तुमास्नी किती शोभंल!” आणि हसायचा. तीन ठोके, मग आत ओढलेला एक लांब श्वास. हः हः हः... हूऽ. दुकानात पाय ठेवताना उजवा पाय जरा दाबून टाकायचा. मी डोळे मिटून ओळखायचो, पिराजी आला.

सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर कालिंदीबाई माडी मागायला आल्या. नवरा इंजिनिअर, बदलीवर आलेला. बाई गोड बोलणाऱ्या, सुती साडीतल्या, शिकलेल्या. नऊ जणांचा नाटकाचा क्लास घेणार म्हणाल्या. त्यात आमची नंदिनी होती, म्हणून मी भाडंही घेतलं नाही. बुधवारी संध्याकाळी सहा ते आठ, रविवारी सकाळी.

बाईंची पद्धत नवी होती. “भाषणं पाठ नंतर करायची,” त्या म्हणाल्या, “आधी माणूस उभा करायचा. प्रत्येकानं एक जिवंत माणूस निवडायचा. पंधरा दिवस नुसतं बघायचं. मग एकेक लकब स्वतःच्या अंगात घालून बघायची. चाल, हात, आवाज. आत काय आहे ते बाहेरनंच सापडत जातं. वही-पेन्सिलीनं हे येत नाही, करूनच बघावं लागतं.”

मला पटलं हो. धंदाही असाच शिकतात.

नंदिनी फळीपाशी उभी होती. विचारात असली की तिची एक सवय. पाठीवरची वेणी डाव्या खांद्यावरनं पुढं ओढायची आणि टोक दातात धरायचं. तिची आई सरोजिनी रोज ओरडायची, “केस खाऊ नको, पोटात गोळा होईल!” तशीच वेणी चावत ती म्हणाली, “आण्णा, मी पिराजीमामांना घेऊ का?”

मी तंबाखू मळत होतो. थट्टेत म्हणालो, “घे की. जांगड ने.”

दुकान हसलं. पिराजी फळीमागनं ओरडला, “न्या की ताईसाब! पर परत करताना घडी मोडू नगासा!” हः हः हः... हूऽ.

मास्तर, एक चिंधीसुद्धा बाहेर गेली तर मी वहीत लिहितो. ते मात्र लिहिलं नाही.

३

तिसरा की चौथा बुधवार. सात वाजून गेले होते. गिऱ्हाईक नव्हतं. मी गादीवर, पिराजी समोर पायरीवर बसून बशीतनं चहा ओढत होता. वर माडीच्या फळ्यांवर पावलं वाजत होती. त्याची सवय झाली होती. नऊ माणसं म्हणजे नऊ तऱ्हेची पावलं.

त्यातलं एक पाऊल उजवीकडं दाबून पडत होतं.

मी लक्ष दिलं नाही. मग आवाज आला. सर्रर्र... थप्प.

पिराजीनं बशी खाली ठेवली. मी वर बघितलं. पुन्हा तेच, सर्रर्र, थप्प. आणि त्यामागनं हसणं. तीन ठोके आणि आत ओढलेला श्वास. बाईमाणसाच्या गळ्यातनं ते येणं शक्य नव्हतं, आणि बापईमाणसाचं म्हणावं तर तो बापई माझ्यासमोर चहा पीत बसला होता.

“आयला,” पिराजी म्हणाला, “म्या वर कवा ग्येलो, मालक?”

आणि हसायला गेला. तोंड उघडलं, पोट हललं, आवाज आला नाही. खोकला आल्यासारखं करून त्यानं बशी उचलली.

मी जिना चढून वर गेलो. म्हटलं, कुणी न विचारता माझ्या मालातली साडी वर नेली असेल तर चार शब्द सुनवावेत. वर सगळे भिंतीला टेकून बसलेले, मधे नंदिनी. तिच्या हातात काही नव्हतं. रिकामा हात. मनगटाचा एक झटका तिनं दिला, आणि माझ्या कानांनी साडी सुटलेली ऐकली. थप्प. समोर बसलेल्या बँकेतल्या कारकुनानं चक्क गुडघे मागं घेतले.

“बघितलंत आण्णा?” कालिंदीबाईंचे डोळे पाण्यानं भरले होते. “वस्तू नाही, पण वस्तू आहे. याला आम्ही काल्पनिक वस्तूंचा सराव म्हणतो.”

मी म्हणालो, “बाई, काल्पनिक वस्तूला आवाज असतो होय?”

त्या गोड हसल्या. शिकलेल्या माणसाचं हे मला कधी सोसलं नाही. आपण विचारलेलं खरं असतं तेव्हाच ते गोड हसतात.

खाली येऊन मी स्वतःला समजावलं. जुनं लाकूड, फळ्या हलतात, बोळातनं घुमतं. नकला करणारी पोरं कावळ्याचा आवाज काढत नाहीत का? माझीच पोर हुशार निघाली. मनाला असं सांगितलं, आणि मनानंही ऐकल्यासारखं केलं.

४

दुसऱ्या दिवशी गुरुवारी आजऱ्याचं लग्नघर आलं. अकरा बायका, बस्त्याची खरेदी. अशा वेळी मी नुसता बसायचो, सगळं पिराजी बघायचा. त्यानं पहिली साडी उचलली, झटका दिला.

साडी त्याच्याच पायाशी गोळा होऊन पडली.

बायका हसल्या. त्यानं दुसरी घेतली. तीही तशीच, ओल्या धुण्यासारखी. तिसरी उघडताना मी त्याचं तोंड बघितलं. लाज नव्हती, राग नव्हता. रोजचा जिना उतरताना एक पायरीच नाही असं कळलं तर माणूस कसा दिसेल, तसा तो दिसत होता.

“हात मुरगळलाय का रं?”

“न्हाय मालक. हात चांगला हाय. त्येला आठवंना झालंय.”

डॉक्टरांकडं मी स्वतः नेलं. त्यांनी मनगट वाकवून बघितलं, छाती तपासली, जीभ बघितली. “काही नाही. वय झालं. ताकदीच्या गोळ्या देतो.” अठ्ठेचाळीसचा माणूस, आणि म्हणे वय झालं! मला तिथंच भांडावंसं वाटलं. सव्वीस वर्षांचा हात एका रात्रीत म्हातारा होतो होय? बुधवारी संध्याकाळी वर आवाज आला, आणि गुरुवारी सकाळी खाली हात गेला. मधे चौदा-पंधरा तास. मला दोन तारखा शेजारी ठेवून बघायची सवय आहे. मी त्या ठेवल्या, आणि लगेच नजर दुसरीकडं वळवली.

त्या आठवड्यात पिराजीची चाल गेली. म्हणजे लंगडू लागला असं नव्हे. चालायचा, पण ते चालणं कुणाचंच नव्हतं. तो दुकानात शिरला तरी मला कळेना. मान वर केली की समोर उभा. दोनदा मी दचकलो.

नंदिनीला मी विचारलं. ती म्हणाली, “मी काय केलं आण्णा? मी नुसतं बघितलं.” खरंच म्हणाली. तिच्या डोळ्यांत खोट नव्हती. हे सांगताना तिचा हात वेणीकडं गेला नाही, हे मात्र मला पुढं फार उशिरा सुचलं.

५

मग बनाबाई आली. दिवसाढवळ्या, भर दुकानात. पदर खोचलेला, कपाळावरचं कुंकू घामानं पसरलेलं. चार गिऱ्हाइकं होती तरी थांबली नाही.

“मालक, तुमची पोरगी माज्या दारात येऊन शीळ घालतीया!”

“काय बोलताय, बनाबाई? हळू बोला.”

“हळू कशापाय बोलू? माजा नवरा तीस वर्सं बोळाच्या तोंडाशी आला की दोनदा शीळ घालतोय. मी चुलीवर पानी ठिवती. कुनाला ठावं न्हाय, शेजारनीलाबी न्हाय. काल सांजच्याला साडेसातला शीळ आली. मी पानी ठिवलं, दार उघाडलं, तर तुमची नंदिनी! आन् म्हनती कशी, ‘बने, पानी तापलं का गं?’”

हातातल्या साड्या सोडून गिऱ्हाइकं ऐकू लागली.

“पोर आहे, थट्टा केली असंल,” मी म्हणालो.

“थट्टा?” बनाबाईचा आवाज चिरकला. “मला बने म्हननारा ह्या जगात एकच हाय. आन् त्यो आता मला काय म्हनतोय ठावं हाय? ‘अहो’ म्हनतोय! काल शीळ न घालता मुकाट्यानं आला आन् उंबऱ्यात हुबा ऱ्हायला. म्हनला, ‘अहो, आत येऊ का?’ सोताच्या घरात! त्याला काय झालंय त्ये सांगा. आन् कुनी क्येलंय त्येबी सांगा.”

मी तिला पाणी दिलं, बसवलं, बघतो म्हणालो. ती उठताना एकच वाक्य बोलली, ते अजून या गादीखाली टोचतंय. “तुमी कापडवालं. चोळीचा तुकडा नेला तर लिवून घेताय. माजा मानूस कुठं लिवलाय, दाखवा.”

मास्तर, त्याच दिवशी मी क्लास बंद करायला पाहिजे होता. केला नाही. क्लासची पोरं उतरणार होती ती अभिनयाची स्पर्धा दहा दिवसांवर आली होती. नंदिनी एकपात्री करणार म्हणून सरोजिनी गल्लीभर सांगत फिरत होती. मी पण चार जणांना सांगितलं होतं. कुणावर राग काढायचा तो काढतो मी, पण हे खरं आहे ते आहे.

६

बंद करायच्या आधी एकदा बघू, म्हणून रविवारी सकाळी मी वर गेलो आणि दाराशी उभा राहिलो. बाईंचा ‘खुर्चीचा धडा’ चालला होता. विद्यार्थ्यानं खुर्चीत बसायचं, उभं केलेलं माणूस होऊन. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. उत्तर त्या माणसाचं. मोडायचं नाही, हसायचं नाही, आपण कोण ते आठवायचं नाही.

खिडक्या उघड्या होत्या. ऊन फळ्यांवर पडलं होतं. खाली रस्त्यावर भाजीवाली ओरडत होती. खुर्चीत नंदिनी बसली होती, गुडघे फाकून, हात मांड्यांवर. केस वर बांधून त्यावर टोपी. माझ्याकडं बघितलं, ओळख दाखवली नाही. नोकर मालकापुढं करतो तशी नजर खाली केली.

कुणी विचारलं, “पिराजी, आवडता रंग?”

“गिऱ्हाईक म्हनंल त्यो.”

सगळे हसले. बँकेतल्या कारकुनानं विचारलं, “मालकाचा कधी राग आला का?”

तिनं डोक्यावरची टोपी नीट केली. मग पिराजीच्या आवाजात, अगदी हलके म्हणाली, “मोरपिशी साडी सापडलती. मालकास्नी ठावं हाय. मलाबी ठावं हाय. मला ठावं हाय ह्ये मालकास्नी ठावं न्हाय.”

कुणालाच काही कळलं नाही. बाईंनी टाळी वाजवली, “सुंदर! बघा, स्वतःचा भूतकाळ तयार करतेय ती!”

मी जिन्याकडं वळलो.

आता ती उरलेली अर्धी गोष्ट ऐका. तानाबाईंची साडी एकोणीस महिने वहीत नव्हती. मोजदादीत एक कमी भरली. मी पिराजीवर ओरडलो. चार नोकरांसमोर अंबाबाईच्या कुंकवावर हात ठेवून त्याला शपथ घ्यायला लावली. त्यानं ती रडत घेतली. तरी मी वर्षभर त्याच्यासमोर कपाटाला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचत होतो. मग साडी परत आली. त्या दिवशी पिराजी सुट्टीवर होता. मी ती गुपचूप मालात सारली. ‘पिराजी, चूक माझी’ एवढे तीन शब्द बोलायचे होते. ते बोललो नाही, आणि तानाबाईंच्या इमानाची गोष्ट मात्र जगाला सांगत सुटलो.

नंदिनी तेव्हा सहा वर्षांची होती. घरात मी हे कुणालाच सांगितलेलं नाही.

मी खाली धावलो. पिराजी स्टुलावर बसला होता. “तू ताईला मोरपिशी साडीचं सांगितलंस?”

त्यानं माझ्याकडं बघितलं. शांत, स्वच्छ नजर. घडी न मोडलेल्या कोऱ्या कापडासारखी.

“कुठली साडी, मालक?”

“शपथ घ्यायला लावली होती ती रं! तू रडला होतास!”

“मी?” तो म्हणाला. “कवा?”

चौदा वर्षं ज्याची माफी मागायची राहिली होती, तो माणूसच आता तिथं नव्हता. मग मी माफी मागू कुणाची?

७

स्पर्धेत नंदिनीला पहिलं बक्षीस मिळालं. थिएटर भरलेलं. पहिल्या रांगेतले साहेब लोक, प्राध्यापक, नाटकातली जाणती मंडळी. पडदा वर गेला आणि पहिल्या वाक्याला टाळी. “बघा वैनी, मला एवढी शोभतीया...” लोक हसून हसून डोळे पुसत होते. शेवटी एका परीक्षकांनी माईकवर सांगितलं, “या मुलीनं माणूस जिवंत उभा केला.”

मी विचारतो, कुणाला घेऊन उभा केला? हजार माणसं टाळ्या वाजवत होती, त्यातल्या एकानंही विचारलं नाही की बाई गं, हे तू आणलंस कुठनं, ज्याचं आहे त्याच्याकडं काही उरलं का. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. नाव नंदिनीचं, नाव कालिंदीबाईंचं. पिराजीचं नाव? ‘एक सामान्य दुकान-नोकर’! सामान्य म्हणे! या लोकांना रंगीत ठाण आणि पांढरं मांजरपाट एकाच भावानं मोजायची सवय.

सगळ्यात मागच्या रांगेत पिराजी आणि बनाबाई बसली होती. मीच पास दिले होते. बनाबाई पदर तोंडात कोंबून रडत होती. पिराजी टाळ्या वाजवत होता. मला म्हणाला, “लई ग्वाड मानूस हाय की त्यो, मालक. कोन हाय?”

बक्षिसानंतर मी नंदिनीला म्हणालो, आता बास. टोपी काढ. तिनं काढली. पण चालणं तसंच राहिलं. हसणं तसंच. सरोजिनी दोन दिवस कौतुकानं बघत होती. तिसऱ्या दिवशी मला स्वयंपाकघरात बोलावून दार ओढून घेतलं.

“अहो, तिनं वेणी शेवटची कधी चावली, आठवतंय का?”

“चांगलं झालं की. तूच ओरडायचीस.”

“ओरडायची हो,” ती म्हणाली. डोळे भरलेले. “आता मी वाट बघते. मुद्दाम कोड्यात टाकते, काहीबाही विचारते. तिचा हात उठतच नाही. मग ते गेलं कुठं?”

कुठं जाणार, असं म्हणून मी दुकानात आलो. दुपारची वेळ, रस्ता रिकामा. पंखा कुरकुरत होता. पिराजी शिडीखाली स्टुलावर. मी सहज विचारलं, “पिराजी, जयसिंगपूरचं पार्सल सोमवारी यायचं का मंगळवारी रं?”

तो विचारात पडला. मान जरा कलली. उजवा हात उठला, डाव्या खांद्यामागं गेला, तिथली काहीतरी वस्तू चिमटीत धरून हळूच पुढं ओढली. तिथं काहीही नव्हतं. त्या नसलेल्या वस्तूचं टोक त्यानं ओठांशी नेलं आणि दातात धरलं.

मिशीखाली दात हलत होते.

“मंगळवारी असंल,” तो म्हणाला.

८

मी कालिंदीबाईंच्या घरी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा परस्त्रीच्या दारात आवाज चढवला. “बाई, घालायला शिकवलंत, काढायला कधी शिकवणार? शिंपीसुद्धा माप घेतो आणि माणूस परत पाठवतो!” त्यांचं तोंड पांढरं पडलं. पहिल्यांदा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आण्णा, पाठ संपला की ज्याचं त्याच्याकडं जातं असं मी धरून चालले होते. कुणी विचारलं नव्हतं कधी.” महिन्याभरात त्यांच्या मिस्टरांची बदली झाली. किंवा त्यांनी करून घेतली. मला गोड बोलणाऱ्यांचा राग आहे तो असा. धरून चालतात!

मग मीच केलं. एका रविवारी दुपारी बाराला, लख्ख उजेडात, माडीवर दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. एकीवर नंदिनी, दुसरीवर पिराजी. जांगडीची वही काढली. मागची तारीख घालून लिहिलं: ‘पिराजी. जांगड. नेणार नंदिनी.’ खाली एकेक कलम: मनगट, चाल, हसणं, शीळ, शपथ. आणि दुसऱ्या बाजूला हात थांबला. पोरीचं तिकडं काय काय गेलं, ते मला नीट लिहिता येईना. वेणी लिहिली. पुढं काय? एकवीस वर्षं घरात होती, पण मी तिच्याकडं एवढं बघितलंच नव्हतं. तिनं पिराजीकडं पंधरा दिवस बघितलं तेवढंसुद्धा नाही.

“ताई, परत दे,” मी म्हणालो. “पिराजी, तूबी दे.”

दोघं एकमेकांकडं बघत बसली. खाली रस्त्यावरनं टांगा गेला. फळ्या एकदाच करकरल्या, वजन इकडचं तिकडं झाल्यासारख्या. मी वहीत मान घातली होती. परत आलेल्या कलमापुढं रेघ मारायला टाक तयार धरला होता.

आणि हाक आली. “आण्णा.”

नंदिनी सहा वर्षांची असताना मला जशी हाक मारायची, तशी. शेवट जरा वर उचललेला. मला उचलून घ्या, असं सांगणारी.

मी मान वर केली. दोन्ही तोंडं मिटलेली होती. चार डोळे माझ्याकडं बघत होते. दोन्हीकडं सारखंच पाणी.

मास्तर, हाक कुठल्या खुर्चीतनं आली, मी बघितलं नाही. मी वहीत बघत होतो. उठलो, दोघांना हाताला धरून खाली आणलं आणि वर कुलूप घातलं.

दोन वर्षं झाली. नंदिनी फळीवर साड्या दाखवते. ती उघडते तशा साड्या सगळ्या जिल्ह्यात कुणाच्या उघडत नाहीत आणि दुकान भरलेलं असतं, हे कबूल करतो. रोज संध्याकाळी तिला बोळाच्या तोंडाशी जाऊ न देण्यासाठी सरोजिनी तिचा हात धरून बसते. बनाबाई पिराजीला सकाळी आणून सोडते आणि सांजच्याला नेते. जाताना त्याचं डोकं विंचरते. परवा तिनं माझ्याकडं केसांची रिबन मागितली. का, ते मी विचारलं नाही. लाल रिबन कापून दिली.

आता तुम्ही आलात. चेहऱ्यावरनं सरळ दिसता. गोड हसत नाही, हे मला आवडलं. ही घ्या माडीची किल्ली. भाडं नको. पण दोन विद्यार्थी माझे. त्यांना तुम्ही समोरासमोर बसवा आणि जे घालायला शिकवता ते उलटं करून बघा. मला जमलं नाही, मी बाप आहे आणि मालकही आहे, माझी नजर वाटेल तिकडं पळते.

आणि ही वही. पुढची पानं कोरी आहेत. कुणाकडनं काय निघालं, कुणाकडं काय पोचलं, तारीख घालून लिहा. कमी भरलं तर कमी लिहा. माझं मन राखायला ‘परत’ लिहून रेघ मारू नका. हाक आली की मान वर असू द्या, आणि ज्या खुर्चीतनं ‘आण्णा’ आलं तीच खुर्ची लिहा, मास्तर. ती मिशीवाली असली, तरी तीच लिहा.